तुझ्याकडे गाणं आहे का?

गेल्या नोव्हेंबरात, लीड्सजवळच्या एका पबच्या माडीवर, मी ‘पास’ म्हणाले. घडलं ते एवढंच. गोलात मांडलेल्या वीसेक खुर्च्या, त्यांवर बहुतेक साठी ओलांडलेली माणसं, जिन्याने वर येणारा तळलेल्या बटाट्यांचा वास आणि वर्षानुवर्षं बिअर पीत आलेल्या गालिच्याचा आंबूस दर्प. गाण्याची पाळी खुर्ची-खुर्चीने सरकत माझ्यापर्यंत आली. शेजारचे पांढऱ्या दाढीचे आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझ्याकडे गाणं आहे का?” गातेस का, असं नाही विचारलं त्यांनी. छत्री आहे का, काडेपेटी आहे का, तसं विचारलं. मी मान हलवली आणि ‘पास’ म्हणाले. “बरं, पुढच्या वेळी,” ते म्हणाले, आणि पाळी पलीकडच्या बाईंकडे गेली. त्यांनी डोळे मिटून समुद्रात बुडालेल्या कुणा नवऱ्याचं भलंमोठं गाणं म्हटलं, अकरा कडवी, एकही न अडखळता. कुणाला काही खटकलं नाही. मला मात्र परतीच्या बसमध्ये ते ‘पास’ बाभळीच्या काट्यासारखं ठुसठुसत राहिलं.

तिथे मला नेलं होतं आमच्या शेजारणीने. निवृत्त नर्स, एकटी राहते, माझ्या फोडणीच्या वासाबद्दल पहिली दोन वर्षं गप्प होती आणि तिसऱ्या वर्षी डबा घेऊन दारात उभी राहिली. ती म्हणाली, चल, आमच्या फोक क्लबात, म्हणजे लोकगीतांच्या मंडळात. मला वाटलं, कार्यक्रम असेल, तिकीट असेल, आपण मागच्या रांगेत बसू. तर तिथे स्टेजच नाही. माइक नाही. ज्याची पाळी तो बसल्या जागी गातो, आणि ध्रुवपद आलं की सगळी खोली त्यात उडी मारते. सुरात मारते असंही नाही. कुणी वरून, कुणी खालून, एक आजी तर अर्धा ठोका उशिरानेच. मध्यंतरात लकी ड्रॉ. पहिलं बक्षीस बिस्किटांचा डबा, दुसरं कुणीतरी मागच्या महिन्यात जिंकून परत आणून दिलेली वाईनची बाटली. मला एकदम आमच्या गावच्या मारुतीच्या देवळातलं शनिवारचं भजन आठवलं. तोच पिवळट उजेड, तीच चुकलेली टाळी, आणि कोपऱ्यात तोच एक जण, जो गात नाही पण प्रत्येक शनिवारी हजर असतो.

आपल्याकडे गाणं ‘असत’ नाही, ‘येतं’. किंवा येत नाही. “तिला गाणं येतं” म्हटलं की तिच्यापुढे हार्मोनियम, परीक्षा, गुरू, रियाझ असं सगळं उभं राहतं. आणि मला येत नव्हतं. सहावीत गॅदरिंगच्या समूहगीतासाठी मला उंचीमुळे मागच्या रांगेत घेतलं होतं. दुसऱ्या तालमीला बाईंनी पेटी थांबवली, कान देऊन ऐकलं, माझ्यापाशी आल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव हं बाळा.” मी हलवले. पुढची तीस वर्षं हलवते आहे. लग्नाच्या मंगलाष्टकांत, गणपतीच्या आरतीत, इतकंच काय, लेक लहान असताना तिला झोपवतानाही मी फोनवर अंगाई लावून देत असे आणि स्वतः नुसती थोपटत असे.

म्हणून ‘पास’.

त्या रात्रीनंतर मी हे संगीत हट्टाने ऐकायला लागले. कामावर जायला चाळीस मिनिटांची बस, आणि दर शुक्रवारी नवे अल्बम येतात, त्यामुळे शुक्रवार सकाळ ही माझी ठरलेली वेळ झाली. सुरुवात कंट्रीपासून केली, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांपासून. ब्रिटिश माणूस कंट्री गातो हे मला आधी थोडं आपल्या हिंदी सिनेमातल्या शेतकऱ्यासारखं वाटायचं: टोपी बरोबर, धोतर बरोबर, पायाला मात्र माती नाही. ‘द शायर्स’ ही जोडी आपल्या नावात इंग्लंडमधले परगणे मिरवते आणि तोंड उघडलं की थेट टेनेसीत पोचते. पण म्हणून हसण्यावारी न्यावं असंही नाही. २०१५ साली त्यांचा ‘ब्रेव्ह’ इथल्या पहिल्या दहांत गेला, पुढच्याच वर्षी हॅम्पशायरच्या जुळ्या बहिणींच्या ‘वॉर्ड थॉमस’चा ‘कार्टव्हील्स’ थेट पहिल्या क्रमांकावर. मला मनापासून आवडली ती योला. ब्रिस्टलची काळी मुलगी, गरिबीत वाढलेली, घराला आग लागून त्यातून वाचलेली. २०१९च्या तिच्या पहिल्या पूर्ण अल्बमचं नावच आगीतून चालत जाण्यावरून आहे. तिच्या आवाजापुढे हे गाणं कुठल्या देशाचं, हा प्रश्न मला सुचलाच नाही. इतरांच्या बाबतीत तो बसमध्ये माझ्या शेजारी बसून असायचा.

मग एक गंमतीचा माणूस सापडला. ‘बीन्स ऑन टोस्ट’ या नावाने गातो, आणि दर वर्षी १ डिसेंबरला, म्हणजे स्वतःच्या वाढदिवशी, नवा अल्बम काढतो. वर्षभरात जे घडलं, जे खुपलं, जे हसवून गेलं, ते सगळं त्यात. मला आपला दिवाळी अंकच आठवला. अंक चांगला निघो की फिका, तो निघतो याचाच आधार असतो. अशा गायकांचं पोट मात्र आपल्या फोनवर ऐकण्याने भरत नाही, हे मला क्लबात कळलं. महिन्यातून एकदा तिथे बाहेरचा पाहुणा गायक येतो, आणि कार्यक्रम संपला की गिटार पेटीत घालून दाराशी टेबल मांडून बसतो. टेबलावर सीडी. मी एक घेतली. माझ्या घरात सीडी वाजवायला काहीही नाही. तरी घेतली, जशी कीर्तन झाल्यावर ताटात नोट टाकतो तशी. ती अजून प्लॅस्टिकमध्येच आहे, लोणच्याच्या बरण्यांशेजारी.

आणि मग लॉरा मार्लिंग या इंग्लिश गायिकेचा ‘पॅटर्न्स इन रिपीट’. ऑक्टोबर २०२४ मध्ये आला होता, मी वर्षभर उशिराने ऐकला. पहिल्याच गाण्याच्या आधी खोलीतले आवाज आहेत, आणि त्यात एक बाळ आहे. खरं बाळ, तिचं. २०२० साली, टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात, तिने मुलीसाठी म्हणून एक अल्बम काढला होता. तेव्हा तिला मुलगी नव्हती, कल्पनेतल्या लेकीला उद्देशून ती गात होती. पुढे खरी लेक झाली आणि तिला कुशीत, शेजारी, पायाशी ठेवून तिने हा अल्बम घरीच केला. ड्रम नाहीत. गिटार इतकी जवळ की बोटं तारेवर सरकल्याची कुजबुज ऐकू येते. बसमध्ये बाहेर पाऊस, काचेवर वाफ, समोरच्या सीटवर कुणाचं तरी ओलं कुत्रं. आणि माझ्या कानात एक बाई आपल्या घरात हळू आवाजात गातेय, बाळ उठू नये म्हणून गावं तशी. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी राग आला. राग तिच्यावर नाही. माझी लेक आता सोळा वर्षांची आहे, खोलीचं दार लावून घेते, आणि तिच्या बाळपणाच्या माझ्या सगळ्या व्हिडिओंत पाठीमागे लता मंगेशकर आहेत, मी कुठेच नाही.

त्याच अल्बमात एक गाणं तिच्या वडिलांचं आहे. विशीत असताना त्यांनी म्हातारपणाची कल्पना करून लिहिलेलं. ते कागदात पडून राहिलं, माणूस खरंच म्हातारा झाला, आणि मग लेकीने ते गायलं. ‘नवीन’ या शब्दाशी माझं भांडण इथे सुरू झालं. शुक्रवारी आलेला अल्बम नवा. त्यातलं गाणं मात्र गायिकेहून वयाने मोठं.

असंच आणखी एक प्रकरण मॉली ड्रेकचं. निक ड्रेक हे नाव या गाण्याच्या भक्तांत आपल्याकडे कुमारांचं घ्यावं तसं खालच्या आवाजात घेतात. तीन अल्बम, खप जवळजवळ नाही, नोव्हेंबर १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी मृत्यू, आणि मग सगळी कीर्ती. मॉली त्याची आई. वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कंपनीत इंजिनिअर, म्हणून निकचा जन्म रंगूनचा. मुंबईचं नाव मिरवणाऱ्या कंपनीच्या पगारावर हे घर चाललं, ही गोष्ट मला उगाचच ओळखीची वाटली, परक्या लग्नात गाववाला भेटावा तशी. पुढे इंग्लंडमधल्या खेड्यात मॉली दुपारी पियानोवर बसून स्वतः रचलेली गाणी म्हणायची आणि नवरा घरच्या टेपवर ती उतरवून ठेवायचा. १९५०च्या दशकातल्या टेप. तिच्या हयातीत ही गाणी कधी प्रसिद्ध झाली नाहीत. १९९३ साली गेली. २०१३ मध्ये त्या टेपांचा रीतसर अल्बम निघाला, आणि लोकांना कळलं की मुलाच्या गाण्यातली ती विचित्र, दुखरी वळणं कुठून आली होती. मी ते ऐकताना स्वयंपाक थांबवला. टेपची खरखर, खोलीचा पोकळ नाद, आणि कुणी ऐकत नाहीये याची खात्री असलेल्या बाईचा आवाज. ऐकायला चोरटं वाटतं. दुसऱ्याच्या घरात खिडकीतून बघितल्यासारखं. तरी मी शेवटपर्यंत ऐकलं, भाजी करपली.

टेप करणारा नवरा सगळ्यांनाच मिळत नाही.

शर्ली कॉलिन्सचं उलटं झालं. ससेक्सची बाई, इंग्लिश लोकगीतांतला सरळ, निरलंकार आवाज. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नवरा सोडून गेला आणि तिचा गळाच बंद पडला. बोलता यायचं, गाता यायचं नाही. तोंड उघडलं की काही बाहेर येईना. अल्बम थांबले ते अडतीस वर्षं. २०१६ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, ‘लोडस्टार’ आला. स्टुडिओत जायचा धीर होईना, म्हणून लुईसमधल्या तिच्या घरातच तो ध्वनिमुद्रित झाला. मी आधीचा आवाज ऐकला होता, झऱ्याच्या पाण्यासारखा. हा आवाज खाली उतरलेला, कोरडा, विहिरीच्या तळाशी उरतं तेवढंच पाणी. मला हा जास्त आवडला असं म्हणणं सोपं आहे, पण तसं नाही. मला दोन्ही हवे होते, आणि मधली अडतीस वर्षंही हवी होती. त्यानंतर तिने थांबण्याचं नाव घेतलं नाही, २०२० आणि २०२३ मध्ये आणखी दोन काढले. माझ्या सहावीतल्या बाईंना हे सांगायला हवं होतं, असा एक बालिश विचार मनात येऊन गेला.

पण ज्याने मला खरं पछाडलं तो मार्टिन कार्थी, इंग्लिश लोकगीतांचा गायक आणि गिटारवादक. २१ मे २०२५ ला, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवशी, त्यांचा नवा अल्बम आला. नवा म्हणजे? १९६५ सालच्या त्यांच्या पहिल्यावहिल्या अल्बमातली बरीच गाणी साठ वर्षांनी पुन्हा घेतलेली. त्यात ‘स्कारबरो फेअर’ आहे, बिनशिवणीचा सदरा शिवून दे म्हणणारं, अशक्य अटी घालणारं ते गाणं. जगाला ते सायमन आणि गारफंकल या अमेरिकन जोडगोळीच्या आवाजात माहीत आहे. पॉल सायमन १९६५ मध्ये लंडनला असताना कार्थींकडून त्यांची मांडणी शिकला, पुढच्या वर्षी रेकॉर्ड निघाली, तिच्यावर कार्थींचं नाव नव्हतं. ही अढी वर्षानुवर्षं टिकली. २००० साली सायमनने लंडनमध्ये त्यांना मंचावर बोलावून बरोबर गायलं तेव्हा कुठे सुटली. हे वाचून मी अर्थातच कार्थींच्या बाजूने चिडले. मग पुढचं वाचलं आणि गडबडले. कार्थींच्या पिढीला हे गाणं इवन मॅकॉल या आधीच्या पिढीतल्या लोकगीत गायकाकडून मिळालं होतं. मॅकॉलने ते १९४७ मध्ये डरहम परगण्यातल्या एका खेड्यात, शिशाच्या खाणीत उमर घालवलेल्या मार्क अँडरसन नावाच्या निवृत्त कामगाराकडून घेतलं होतं. अँडरसनने कुणाकडून घेतलं? मग गाणं नक्की कुणाच्या मालकीचं? गिटारवरची मांडणी कार्थींची, हे मान्य. पण गाणं त्या म्हाताऱ्याकडेही ‘होतं’ एवढंच. पबातल्या आजोबांचा प्रश्न मला तेव्हा जरा कळायला लागला.

या नव्या ‘स्कारबरो फेअर’मध्ये सतार आहे. मी आधी कपाळाला आठी घातली. ब्रिटिश गाण्यात सतार म्हणजे साठच्या दशकापासून उदबत्तीसारखी लावतात, वातावरणाला. पण ही सतार शीमा मुखर्जींची. सतारवादक निखिल बॅनर्जींच्या नात्यातली आणि त्यांची शिष्या, आणि कार्थींबरोबर ‘द इमॅजिन्ड व्हिलेज’ या बँडमध्ये वाजवलेली. ती मिरवत नाही. म्हातारा माणूस जिना उतरताना शेजारी चालावं, हात न धरता, तशी चालते. आणि आवाज! श्वास ओळीच्या मध्ये संपतो. शब्दाची शेपटी थरथरते. एका ठिकाणी तर वाटतं, आता पुढची ओळ येणारच नाही. हा अल्बम त्या वर्षीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या, म्हणजे इथल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या पारितोषिकाच्या, यादीत गेला, तोवरचं सर्वांत वयस्क नामांकन. पारितोषिक नॉर्थ शील्ड्सच्या सॅम फेंडरला मिळालं, आणि मला आठवलं की १९९६ मध्ये कार्थींची बायको, नॉर्मा वॉटरसन, हीसुद्धा त्याच यादीत होती आणि थोडक्यात हुकली होती. नॉर्मा २०२२ च्या जानेवारीत गेली. अल्बम ऐकताना ती कुठल्याच गाण्यात नाही हे मला सारखं जाणवत राहिलं. तिला मी ओळखत नाही, तिच्या हयातीत मी तिचं नावही ऐकलं नव्हतं.

डिसेंबरात एका रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, आजीच्या ओव्या म्हण ना, मला शिकायच्यात. आई आधी हसली. “अगं, काय येडेपणा. आता कुठलं जातं आणि कुठल्या ओव्या.” आजीचं जातं कोरेगावच्या घरात परसदारी पडलंय, वरच्या दगडावर तुळशीची कुंडी. ओव्यांचं म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक जमवल्या, त्या आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया)च्या संकेतस्थळावर बसल्या जागी ऐकता येतात, मी ऐकतेही. पण मला आमच्या घरातली हवी होती. आईने दोनदा सुरुवात केली, दोनदा अडली. मग म्हणाली, “थांब. हात फिरल्याशिवाय नाही यायची.” आणि तिने जेवणाच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या फुलाफुलांच्या कव्हरवर, मूठ वळून हात गोल फिरवायला सुरुवात केली. दोन फेऱ्या नुसत्याच. तिसऱ्या फेरीला ओवी आली. नदीच्या उताराकडे डोळे लावून भावाची वाट बघणाऱ्या बहिणीची. आईचा सूर माझ्याहून बरा नाही, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं. मागे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि ती गाता गाताच उठून गॅस बंद करून आली. मी रेकॉर्ड केलं होतं का? नाही केलं. सुचलंच नाही.

जानेवारीत पुन्हा त्या माडीवर गेले. बाहेर बर्फाचा चिखल, आत ओल्या लोकरीचा वास, खुर्च्या तेवढ्याच, फक्त कोपऱ्यातली एक रिकामी. उशिराने ध्रुवपद म्हणणाऱ्या आजी दवाखान्यात आहेत असं कळलं. पाळी फिरत आली. आजोबा वळले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, नुसत्या भुवया उंचावल्या. मी सांगितलं की हे मराठीत आहे आणि फार लहान आहे. मग गायले. किती वाईट गायले ते मला माहीत आहे. आवाज पहिल्या ओळीला वर चढला तो खाली यायलाच तयार नव्हता, आणि मधला एक शब्द मी सरळ गिळला. ओवी संपली. खोली गप्प. मग लक्षात आलं, सगळे ध्रुवपदाची वाट बघतायत, उडी मारायला गुडघे दुमडून बसल्यासारखे. मी म्हटलं, झालं, ध्रुवपद नाहीये याला. हशा झाला, मोकळा, आणि टाळ्या झाल्या.

आजोबा मात्र माझ्या हाताकडे बघत होते. “हा हात काय करत होता?” माझ्याही नकळत तो मांडीवर गोल फिरत होता. मी सांगायचा प्रयत्न केला. जात्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. दोन गोल दगड, एकावर एक, वरच्याला भोक, त्यात मूठमूठ दाणे घालायचे, लाकडाचा खुंटा धरून दोन बायका समोरासमोर बसून फिरवायच्या.

“क्वर्न!” आजोबा म्हणाले. “आहे की आमच्या बागेत. सासऱ्याला शेत नांगरताना सापडलेलं.” बिअरचा घोट घेऊन त्यांनी घसा साफ केला, कारण पुढची पाळी त्यांचीच होती. “बायको त्यावर पेटुनियाची कुंडी ठेवते.”